सूपवरचे कुरकुरीत ब्रेडचे तुकडे: आधी पाणी काढा, मग रंग आणा

लग्नाच्या बुफेत टोमॅटो सूपच्या भांड्याशेजारी तळलेल्या ब्रेडच्या तुकड्यांची परात ठेवलेली असते. रंग सुरेख सोनेरी, पण तोंडात टाकला की तुकडा वातड. कढईतून निघाला तेव्हा तो कुरकुरीत होताच, अर्ध्या तासात मऊ पडला. घरी तव्यावर केलेल्या तुकड्यांचंही बहुतेक वेळा हेच होतं. वरचा थर खरपूस झाला, आतलं पाणी आतच राहिलं आणि तुकडा गार होताना ते पाणी हळूहळू बाहेरच्या कोरड्या थरात उतरलं, एवढंच त्याचं कारण.

ब्रेड वाळवणं आणि ब्रेड भाजणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच आचेवर एकदम उरकायला गेलं की रंग आधी येतो आणि आपण गॅस बंद करतो. म्हणून आम्ही हे काम दोन टप्प्यांत करतो आणि मधे मधे तुकड्यांचं वजन करतो. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या वजनात 35 ते 40 टक्के पाणी असतं. ते किती गेलं हे डोळ्यांना दिसत नाही, पण काट्यावर चोख कळतं. खाली 250 ग्रॅम ब्रेडच्या एका खेपेचा हिशोब दिला आहे. यातून साधारण 210 ग्रॅम तुकडे मिळतात. एका वाटी सूपला 15 ते 20 ग्रॅम लागतात, म्हणजे 10 ते 14 वाट्यांची सोय होते.

आधी ब्रेड कोणता घ्यायचा ते पाहू, कारण निम्मं काम तिथेच ठरतं.

बाजारातला पांढरा सँडविच ब्रेड चालतो. जाळी बारीक आणि सगळीकडे सारखी असते, त्यामुळे तुकडे एकसारखे वाळतात. त्यात थोडी साखर असते, म्हणून रंग लवकर धरतो, हे मात्र लक्षात ठेवायचं. मिल्क ब्रेड किंवा गोड पाव या कामाला घेऊ नये. साखर आणि दूध दोन्ही जास्त असल्यामुळे आत ओल असतानाच बाहेरून काळपट होतो आणि टोमॅटोच्या आंबट सूपमध्ये ती गोडी खटकते. गव्हाचा ब्राउन ब्रेड चवीला चांगला लागतो, पण कोंड्यामुळे त्याचा रंग मुळातच गडद असतो. भाजला गेला की नाही हे रंगावरून ओळखता येत नाही, तिथे वजनावर किंवा तुकडा मोडून पाहण्यावरच भिस्त ठेवावी लागते.

लादी पाव फार मऊ आणि हलका असतो. वाळल्यावर त्याचे तुकडे कुरकुरीत होतात, पण ठिसूळ असतात आणि सूपमध्ये मिनिटभरात विरघळायला लागतात. वरची तुकतुकीत साल तेवढी टिकते. घरात उरलेला लादी पाव संपवायचा असेल तर तुकडे मोठे, दीड-दोन सेंटिमीटरचे करावेत.

मुंबईत इराणी बेकऱ्यांमध्ये मिळणारा ब्रून पाव, म्हणजेच कडक पाव, आमच्या मते सूपसाठी सगळ्यात उत्तम. साल जाड, आतली जाळी मोकळी, साखर नावापुरती. गोव्यात हाच मान उंड्याला आणि पोईला. पोई कोंड्याच्या पिठाची, आतून पोकळ आणि चपटी. तिचे चौकोनी तुकडे पाडता येत नाहीत. कडेने सुरी फिरवून तिचे दोन पापुद्रे वेगळे करायचे, हाताने दोन बोटं रुंदीचे तुकडे तोडायचे आणि पालथे घालून भाजायचे. पापुद्रा पातळ असल्यामुळे पाणी निम्म्या वेळात निघून जातं आणि तुकडा पापडासारखा मोडतो. पालक-बटाट्याच्या काल्दो व्हेर्देसारख्या दाट सूपबरोबर ही पोई फार छान लागते.

आता शिळ्या ब्रेडविषयी. सगळीकडे सांगतात की यासाठी शिळा ब्रेड घ्या. सल्ला बरोबर आहे, पण त्यामागचं कारण बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. शिळा म्हणजे कोरडा, असं नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बूसिंगो यांनी 1852 मध्येच दाखवून दिलं होतं की ब्रेड हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी जाऊ दिलं नाही, तरी तो शिळा होतो आणि पुन्हा गरम केला की नरम पडतो. भाजताना फुगलेलं स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट बसायला लागतं, त्याने ब्रेड कडक लागतो. फ्रीजच्या थंडीत ही क्रिया सगळ्यात जलद होते. म्हणून फ्रीजमधल्या पिशवीतला चार दिवसांचा ब्रेड हाताला कडक लागला तरी त्यातलं पाणी जवळजवळ सगळं तसंच असतं. त्याला ताज्या ब्रेडइतकंच वाळवावं लागतं. शिळ्या ब्रेडचा खरा फायदा सुरीखाली कळतो. तो दबत नाही, कडा धारदार येतात आणि चुरा कमी पडतो. एक दिवसाचा ब्रेड घ्यावा. ताजाच असेल तर स्लाइस जाळीवर तासभर उघड्या ठेवाव्यात. आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो ब्रेड टाकून द्यावा. तेवढाच भाग कापून बाकीचा वापरण्यात अर्थ नाही, कारण बुरशीचे तंतू ठिपक्याच्या पलीकडे न दिसता पसरलेले असतात.

या खेपेला पांढऱ्या ब्रेडच्या 10 स्लाइस घेतल्या, एक सुमारे 25 ग्रॅमची. जाडी 12 मिलिमीटर, म्हणून तुकडेही 12 मिलिमीटरचेच पाडले. तिन्ही बाजू सारख्या असल्या की तुकडा कसाही पडला तरी वाळायला तेवढाच वेळ लागतो. दातेरी सुरी वापरायची आणि ती करवतीसारखी मागेपुढे ओढायची, वरून दाबायची नाही. दाबलेल्या ब्रेडची जाळी मिटते आणि तो तुकडा कुरकुरीत न होता टणक होतो, दाताला खड्यासारखा लागतो. चार-पाच स्लाइस एकावर एक ठेवून कापायचा मोह होतो, पण दोनच्या वर ठेवू नयेत, खालच्या चेपतात. कडा काढायच्या की ठेवायच्या? आम्ही ठेवतो. कडेचा तुकडा सूपमध्ये जास्त वेळ दम धरतो. फक्त कोपऱ्याच्या तुकड्याला दोन बाजूंनी साल असते, तो इतरांच्या आधी गडद होतो, हे धरून चालायचं.

कापून झालं की सगळे तुकडे मोठ्या भोकाच्या चाळणीत घालून हलक्या हाताने चाळायचे. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. चुरा ट्रेवर राहिला तर तो पाच मिनिटांत जळतो, तूप कडवट होतं आणि तो कडूपणा सगळ्या तुकड्यांना लागतो. 250 ग्रॅमला दोन-तीन चमचे चुरा निघतो, तो कटलेटसाठी ठेवावा.

स्निग्ध पदार्थाचं प्रमाण 250 ग्रॅम ब्रेडला 40 ग्रॅम, म्हणजे 3 टेबलस्पून. आम्ही साजूक तूप वापरतो. बटरमध्ये 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि दुधाचा अंश असतो. पाणी आपण काढायला निघालो आहोत आणि दुधाचा अंश तर ब्रेडच्या आधी करपतो. बटरचीच चव हवी असेल तर ते मंद आचेवर वितळवून, वरचा फेस काढून, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून वापरावं. विकतचं बटर खारवलेलं असेल तर वरून मीठ घालायचं नाही. ऑलिव्ह तेल किंवा शेंगदाण्याचं तेलही चालतं. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल आणि ठेचलेला लसूण यांचा वास टोमॅटो सूपशी चांगला जुळतो.

तूप एका जागी ओतलं की पहिले दहा-बारा तुकडे सगळं पिऊन टाकतात आणि बाकीचे कोरडे राहतात. म्हणून तुकड्यांच्या तिप्पट मावतील एवढं मोठं पातेलं घ्यायचं, तूप पातळ पण कोमट ठेवायचं, चमच्याने थोडं थोडं पातेल्याच्या कडेला सोडायचं आणि लगेच झाकण लावून पातेलं पाखडल्यासारखं उडवायचं. चार-पाच वेळा असं केलं की प्रत्येक तुकड्याला पुसटसं तूप लागतं. मीठ यानंतर, 3 ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, अगदी बारीक केलेलं. तुपात मीठ विरघळत नाही, ते फक्त चिकटतं. जाड मीठ ट्रेवर गळून पडतं.

लसणाचं तंत्र वेगळं आहे. बारीक चिरलेला लसूण तुकड्यांना लावून ओव्हनमध्ये घातला तर तो ब्रेड वाळायच्या आत करपतो. त्यापेक्षा 4 पाकळ्या ठेचून 40 ग्रॅम तुपात अगदी मंद आचेवर 3-4 मिनिटं ठेवायच्या. कडेला बारीक बुडबुडे येत राहावेत, लसूण पिवळसर व्हावा, तपकिरी नको. मग तूप गाळून वापरायचं. असं लसणाचं तूप किंवा तेल उरलं तर ओट्यावर बाटलीत भरून ठेवू नये. तेलाखाली हवा नसते, लसूण मातीतला, आणि अशा जागी बॉट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं. ओरेगॅनो, मिरपूड, सुकी कोथिंबीर अशा गोष्टी शेवटच्या दोन मिनिटांत घालायच्या, आधी घातल्या तर त्यांचा वास उडतो आणि नुसता काळा भुगा उरतो.

ओव्हनसाठी आम्ही घरगुती ओटीजी वापरला. 30 बाय 25 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये 125 ग्रॅम ब्रेडचे तुकडे एका थरात, मधे थोडी जागा सोडून बसतात. 250 ग्रॅम एकाच ट्रेमध्ये कोंबले तर तुकड्यांमधून निघालेली वाफ शेजारच्या तुकड्यांतच अडकते आणि ते वाळण्याऐवजी वाफवले जातात. म्हणून दोन फेऱ्या केल्या. एका ट्रेचं वजन, ट्रे सोडून, तूप-मीठ धरून 147 ग्रॅम भरलं.

पहिला टप्पा 130 अंश सेल्सिअसवर, वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू, ट्रे मधल्या खाचेत. 15 मिनिटांनी दार उघडून तुकडे उलथ्याने फिरवले, पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, आणि दार दहा-पंधरा सेकंद उघडंच ठेवलं, कोंडलेली वाफ जाऊ दिली. या वेळी वजन 128 होतं. रंगात काहीच फरक नव्हता. तुकडा चेपला तर तो बाहेरून कोरडा, आतून रबरासारखा. आणखी 15 मिनिटांनी वजन 111. कडांवर जेमतेम पिवळसर छटा. बोटाने दाबलं तर आता दबत नव्हता.

मग तापमान 170 केलं. इथून पुढे ओव्हनसमोरून हलायचं नाही. ओलसर ब्रेडचा पृष्ठभाग पाणी उडत असेपर्यंत 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतो. पाणी संपलं की तापमान झपाट्याने चढतं आणि 140 च्या पुढे प्रथिनं आणि साखर यांच्यातून तो खरपूस रंग आणि वास तयार होतो. ही क्रिया लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडली, तिला त्याचंच नाव आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की वाळलेल्या ब्रेडला अडवायला आता पाणी नसतं, म्हणून पिवळा ते सोनेरी हा प्रवास चार मिनिटांचा आणि सोनेरी ते करपट हा प्रवास दोन मिनिटांचा. चौथ्या मिनिटाला एकदा फिरवले, सातव्या मिनिटाला बाहेर काढले. वजन 105. हिशोबाने पाहिलं तर 125 ग्रॅम ब्रेडमधला पाणी सोडून उरलेला ऐवज साधारण 79 ग्रॅम, तूप 20, मीठ दीड. म्हणजे 105 मध्ये पाणी उरलं ते चार-साडेचार ग्रॅम. एवढं कोरडं असलं की तुकडा गार झाल्यावर नक्की कुरकुरीत राहतो. 112-115 वर थांबलात तर तो आज कुरकुरीत लागेल आणि उद्या डब्यात वातड निघेल.

रंग हवा त्याच्या एक छटा आधी ट्रे बाहेर काढायचा, कारण गरम ट्रेवर तुकडे आणखी मिनिटभर भाजले जातात. गडद तपकिरीच्या मागे लागू नये. स्टार्चच्या पदार्थांत 120 अंशांच्या वर अॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होतं आणि रंग जितका गडद तितकं ते वाढत जातं. सोनेरी रंगावर थांबण्यात चवही आहे आणि शहाणपणही.

तयार झाला की नाही, हे गरम असताना चावून पाहू नका. गरम तुकडा नेहमी किंचित मऊच लागतो, गार होताना तो ताठ होतो. पाच मिनिटं थांबायचं, मग एक तुकडा स्टीलच्या ताटात वीतभर उंचीवरून टाकायचा. पूर्ण वाळलेला तुकडा टणकन वाजतो आणि उसळतो. आत ओल असेल तर आवाज बोदा येतो आणि तो जागीच पडतो. मग ट्रेमधला सगळ्यात मोठा तुकडा निवडून बोटांनी मोडायचा. तो तुटायला हवा, वाकायला नको. मोडलेली बाजू उजेडात धरली की नीट दिसतं: चारी बाजूंनी फिकट सोनेरी, भुरभुरीत जाळी, आणि ओल राहिली असेल तर बरोबर मधोमध हरभऱ्याएवढा पांढरट ठिपका. तिथली जाळी नखाने दाबली तर मिटते आणि परत उघडत नाही. हा ठिपका दिसला तर ओव्हन 110 ते 120 वर करून दहा मिनिटं पुन्हा घालायचे. या तापमानाला रंग फारसा वाढत नाही, ओल मात्र जाते. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी ही मोडून पाहायची परीक्षाच प्रमाण मानावी.

ओव्हन नसेल तर? तव्यावर होतं, पण वेळ द्यावा लागतो. जाड बुडाचा पसरट तवा किंवा बिडाचं पॅन घ्यायचं. एका वेळी 60-70 ग्रॅमपेक्षा जास्त ब्रेड नको. आच मंद, इतकी की पहिली पाच मिनिटं काही घडतंय असं वाटूच नये. झाकण अजिबात ठेवायचं नाही. दर अर्ध्या मिनिटाला हलवत राहिलं तर 15 ते 18 मिनिटांत तुकडे वाळतात. तूप मात्र सुरुवातीला घालायचं नाही. आधी कोरडेच वाळवायचे, मग तूप सोडायचं आणि आच किंचित वाढवून दोन-तीन मिनिटांत रंग आणायचा. तूप आधी घातलं तर तळाशी टेकलेली बाजू तळली जाते आणि वरची बाजू ओली राहते. रंग आल्यावर गॅस बंद करून तुकडे गरम तव्यावरच दहा मिनिटं पसरून ठेवावेत, उरलीसुरली ओल तिथे निघते.

त्याहून सोपा उपाय उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर असतो. एप्रिल-मे महिन्यांत कुरडया-पापडांचं वाळवण घातलेलं असतंच. त्याच उन्हात एका ताटात तुकडे पसरून वर पातळ पंचा बांधावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात तीन-चार तासांत तुकडे खडखडीत होतात. मग तव्यावर तुपात फक्त पाच मिनिटांचं काम उरतं. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्याने तेच काम दिवसभर घेतं आणि पावसाळ्यात तर होतच नाही. पाऊस असताना उघड्यावर ठेवलेला ब्रेड वाळत नाही, उलट बुरशी धरतो.

बेकरीतला टोस्ट याच रीतीने होतो. आधी पाव पूर्ण भाजतात, गार होऊ देतात, त्याचे काप पाडतात आणि मग ते काप कमी आचेवर पुन्हा भाजून वाळवतात. म्हणूनच टोस्ट महिनाभर डब्यात कुरकुरीत राहतो. बिनगोडाचा टोस्ट मिळाला तर तो चुरडून सूपवर घालायला काहीच हरकत नाही. नेहमीचा वेलची घातलेला गोड टोस्ट मात्र चहालाच बरा.

तळायचे असतील तर तेल 175 ते 180 अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून बघावा. तो लगेच बुडबुड्यांसकट वर यावा आणि पाऊण मिनिटात सोनेरी व्हावा. दहा सेकंदांतच रंगला तर तेल फार तापलं आहे. तळाशी बसला तर तेल थंड आहे, आणि थंड तेलात ब्रेड स्पंजासारखा तेल शोषतो. बुफेतले तुकडे वातड होतात ते कडक तापलेल्या तेलात ताजा ओला ब्रेड टाकल्यामुळे. तो पाऊण मिनिटात रंगतो, पण तेवढ्या वेळात आतलं पाणी निघत नाही. उपाय साधा आहे: तुकडे आधी 130 अंशांवर 20-25 मिनिटं बिनतुपाचे वाळवून घ्या आणि मग तळा. वाळवलेला ब्रेड तेल मात्र चटकन पितो, म्हणून तळायचा वेळ 15-20 सेकंदांवर आणावा, थोडे थोडे टाकावेत आणि झाऱ्याने लगेच उपसावेत. काढल्यावर कागदावर ढीग करू नये, खालचे तुकडे वरच्यांच्या वाफेने मऊ पडतात. जाळीच्या चाळणीत पसरावेत. तळलेल्या तुकड्याचा एक गुण मान्य करायला हवा: त्याच्यावर तेलाचा थर असल्याने तो सूपमध्ये भाजलेल्या तुकड्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. दोनशे माणसांच्या पंगतीत हा गुण मोलाचा आहे. चार जणांच्या घरात एवढं तेल पोटात घालायची गरज नाही.

एअर फ्रायरमध्ये आधी 130 वर 12 मिनिटं आणि मग 165 वर 3-4 मिनिटं पुरतात. वाळत आलेले हलके तुकडे पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या सळीला चिकटतात आणि जळतात, म्हणून त्यांच्यावर छोटी जाळी ठेवावी. मायक्रोवेव्हचा नाद करू नये. त्यात तुकडा आतून आधी तापतो, बाहेर रंग येत नाही आणि मधोमध करपल्याचं तोडल्यावरच कळतं.

सूपप्रमाणे तुकड्याचा आकार बदलावा. टोमॅटो, भोपळा, मसूर अशा दाट सूपवर 12 मिलिमीटरचे तुकडे वर तरंगतात आणि चार-पाच मिनिटं कुरकुरीत राहतात. पातळ, गाळलेल्या सूपमध्ये तेच तुकडे मिनिटभरात बुडतात. तिथे बोटाएवढ्या लांब पट्ट्या भाजून बाजूला द्याव्यात, खाणारा बुडवून खाईल. फ्रेंच पद्धतीच्या कांद्याच्या सूपची गोष्ट वेगळी. तिथे वाडग्यावर ब्रेडची अख्खी चकती ठेवून, त्यावर चीज किसून, सगळं वरच्या आचेखाली धरतात. चकती सूपवर कित्येक मिनिटं पडून राहणार असते, म्हणून ती दीड-दोन सेंटिमीटर जाड घ्यावी लागते आणि आरपार वाळलेली असावी लागते. लांबट फ्रेंच पाव किंवा ब्रून पाव 140 अंशांवर, दर दहा मिनिटांनी उलटून, 35 ते 40 मिनिटं ठेवावा. लसूण घालायचा असेल तर भाजलेल्या चकतीवर कच्ची पाकळी नुसती घासावी. खरखरीत पृष्ठभाग किसणीसारखा लसूण ओढून घेतो, दोनदा फिरवली की पुरे. चकती कमी वाळलेली असली तर चीज वितळेपर्यंत तिचा खालचा अर्धा भाग लापशी होतो आणि चमचा लावला की चीज एकटंच हातात येतं. क्रुटॉन हा शब्दही फ्रेंचमधल्या क्रूटवरून, म्हणजे पावाच्या कडक सालीवरून आला आहे.

साठवण्याकडे पावसाळ्यात विशेष लक्ष द्यावं लागतं. तुकडे पूर्ण गार व्हायला अर्धा तास लागतो. कोमट असताना डबा बंद केला तर झाकणाला आतून दव धरतं आणि ते तुकड्यांवरच गळतं. पण जुलैच्या मुंबईत दोन तास उघडे ठेवले तर ते हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणून तेव्हा ओव्हन बंद करून, दार चार बोटं उघडं ठेवून, तुकडे आतच गार होऊ द्यावेत आणि लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावेत. डब्याच्या तळाशी मूठभर कोरडे भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवले की ओल धरायला मदत होते. फ्रीजमध्ये ठेवू नयेत, डबा दर वेळी बाहेर काढून उघडला की थंड तुकड्यांवर बाष्प बसतं. तुपातले तुकडे 10-12 दिवस चांगले राहतात. त्यानंतर कुरकुरीतपणा राहिला तरी तुपाला खवट वास यायला लागतो, कारण जाळीदार ब्रेडवर तूप अगदी पातळ पसरलेलं असतं आणि हवा त्याला सगळीकडून लागते. जास्त दिवसांसाठी करायचे असतील तर पहिला टप्पा, नुसतं वाळवणं, बिनतुपाचं करून ठेवावं. असे तुकडे महिनाभर टिकतात. हवे तेव्हा मूठभर काढून तव्यावर तुपात तीन मिनिटं परतावेत.

मऊ पडलेला तुकडा वाया गेलेला नसतो. त्याने फक्त हवेतलं पाणी घेतलेलं असतं. 120 अंशांवर 5-6 मिनिटं ठेवून गार केला की पूर्ववत होतो. खवट झालेल्याला उपाय नाही.

वाढताना सूप वाटीत ओतून, त्याची वाफ जरा बसू द्यावी. उकळत्या सूपवर टाकलेला तुकडा खालून भिजतो आणि वरून वाफ खातो. तुकडे वेगळ्या वाटीत ठेवावेत, प्रत्येकाने आपल्या सूपवर सहा-सात घालावेत, ते संपले की पुन्हा घ्यावेत. डब्याच्या तळाला उरलेला खमंग भुगा शेवटच्या वाटीवर मिरपुडीसारखा भुरभुरवावा, तो तर लगेचच खायचा.